गफूर मिस्त्रींचा उजवा हात

आमच्या घरात ट्रॅक्टर आला तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. आजोबांनी तो कुठल्याशा लिलावात घेतला, तो विलायती आहे आणि रॉकेलवर चालतो, एवढंच मला लहानपणी सांगितलेलं. मला कळायला लागलं तेव्हा तो गोठ्यामागच्या कडुलिंबाखाली कायमचा थांबलेला होता. त्याच्या लोखंडी सीटखाली आमची मांजर व्यायची आणि उन्हाळ्यात त्याच्या रुंद मडगार्डवर माझी आई, अव्वा, कुरडया वाळत घालायची. आम्ही सगळे त्याला ‘म्हातारा’ म्हणायचो. म्हाताऱ्याच्या सावलीला शेळी बांध, म्हाताऱ्यावरचं धडपं काढून आण, असं चालायचं. तो पुन्हा कधी सुरू होईल, असं कुणाच्या मनातही नव्हतं. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्याही नव्हतं.

देवणीपासून चार मैलांवर आमचं गाव. त्या काळात आमचा जिल्हा नवा झाला होता. आधी सरकारी कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं, जाऊन-येऊन दोन दिवस मोडायचे. आता लातूर. गावात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. नव्या कचेऱ्या, नव्या नोकऱ्या, नव्या पाट्या यांच्या बातम्या एसटीबरोबर यायच्या. आणि नेमक्या त्याच दिवसांत पाऊस आमच्यावर रुसला. एक वर्ष अर्धंमुर्धं पिकलं, दुसऱ्या वर्षी मृगही कोरडा गेला आणि हस्तही. अप्पा सकाळची लिंगपूजा आटोपून, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे घेऊन ओसरीवर यायचे, आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, “जिल्हा जवळ आला अन् पाणी लांब गेलं.” घरात हुलग्याचं माडगं आणि ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, हेच दोन्ही वेळचं जेवण. भाजी दिसायची नाही. अव्वा येसराची आमटी इतकी पातळ करायची की ताटात ती पळत सुटायची, आणि आम्ही भाकरीचा बांध घालून तिला अडवायचो. आमची देवणी जातीची जनावरं चारा-छावणीला गेली होती. राहिली होती एक बैलजोडी. गोठा इतका गप्प झाला होता की पहाटे घुंगराच्या आवाजाची सवय असलेली मी शांततेनं जागी व्हायची.

ओढ्याकाठच्या आमच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. तिकडं विजेचे खांब गेलेले नव्हते, डिझेलचं इंजिन होतं. त्या इंजिनानं विहिरीचं पाणी नळीतून गावाच्या वेशीजवळच्या हौदात यायचं आणि सगळं गाव तिथं भरायचं. माघ महिन्यात त्या इंजिनाचा आतला दांडा मोडला. नवा दांडा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. बाया घागरी घेऊन ओढ्यापर्यंत चालत जायला लागल्या, विहिरीत वाकून शेंदायला लागल्या. दोघी घसरून पडल्या. तेव्हा अप्पांना म्हाताऱ्याची आठवण झाली. त्याच्या कुशीला पट्टा चढवायचं एक चाक होतं. इंजिन चाललं तर त्यावर पंप फिरणार होता. अप्पा उदगीरला गेले आणि गफूर मिस्त्रींना घेऊन आले.

गफूर मिस्त्री तेव्हा साठीच्या आसपासचे असावेत. उंच, किडकिडीत, मेंदीनं रंगवलेली दाढी. निजामाच्या राज्यात नांगरणीच्या मोठ्या यंत्रांवर त्यांनी तरुणपण घालवलेलं. असली जुनी इंजिनं माहीत असलेला आमच्या भागात तो एकच माणूस उरला होता. त्यांनी म्हाताऱ्याभोवती एक फेरी मारली, मांजरीला हलक्या हातानं उचलून बाजूला ठेवलं, हँडल लावून इंजिन थोडं फिरवून बघितलं आणि अप्पांना म्हणाले, “इंजिन जिवंत हाय अप्पासाब. मॅग्नेटो मेलेला हाय.” मॅग्नेटो म्हणजे काय हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. ते त्यांनी समजावून सांगितलं. या ट्रॅक्टरला बॅटरी नाही. इंजिन फिरलं की त्याच्याबरोबर हा वीतभर डबा फिरतो, आत लोहचुंबक आहे, तो स्वतःच वीज तयार करतो आणि प्लगमध्ये ठिणगी पाडतो. ठिणगी नेमक्या क्षणी पडली पाहिजे. मग त्यांनी खिशातला चष्मा काढला, डोळ्याला लावला, परत काढला आणि जरा ओशाळून विचारलं, “घरात बारीक नजर कुणाची हाय? मला जवळचं दिसत न्हाई आता.”

अव्वा दारातून म्हणाली, “आमची महानंदा सुईत दोरा एका दमात ओवती.”

मी एकोणीस वर्षांची होते. बारावी पास होऊन घरी बसले होते. पुढं शिकवायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं, पण शिकवायचं असंही कुणी म्हणालं नव्हतं. स्थळं बघणं चालू होतं. त्या दिवशी ओसरीवर जुनं धोतर अंथरून मिस्त्रींनी तो डबा उघडला आणि मला समोर बसवलं. आत तांब्याच्या केसासारख्या तारेचं वेटोळं होतं, एक फिरतं टोक होतं, आणि एकमेकांना भेटून दूर होणारे मसुराएवढे दोन ठिपके होते. त्यांना ते ‘पॉइंट’ म्हणायचे. पॉइंट काळे पडले होते. ते बारीक कानशीनं घासायचे, दोघांचे चेहरे एकमेकांना सपाट लागले पाहिजेत, आणि ते दूर होतील तेव्हा त्यांच्यामध्ये पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. हे सगळं मी केलं. मिस्त्री नुसते बाजूला बसून विचारायचे, “काळं हाय का अजून? कड दिसती का?” वेटोळं मात्र जळालेलं निघालं. ते घेऊन ते नांदेडला गेले, तिथल्या एका कारागिराकडून नवी तार गुंडाळून घेतली आणि तिसऱ्या दिवशी परत आले. जोडणी झाल्यावर त्यांनी मला प्लगची तार धरायला सांगून डबा हातानं फिरवला. आधी आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि माझ्या बोटांपासून दोन सुतांवर निळी ठिणगी उडाली. मी ओरडले. अव्वा पिठाचे हात घेऊन धावत आली. मिस्त्री हसत होते. “हाव, जिता झाला,” म्हणाले.

आज माझी नातवंडं बटण दाबून गाडी सुरू करतात. त्यांना मी हे सांगते तेव्हा ती नम्रपणे ऐकतात.

डबा इंजिनावर बसवणं हे खरं काम होतं. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा, मिस्त्री हँडल सावकाश फिरवायचे, आतली हवा अंगठा ढकलायला लागली की पिस्टन वर येतोय असं समजायचं. तो अगदी टोकाला पोचला की थांबायचं. त्याच क्षणी मॅग्नेटोनं ‘टक्’ म्हणायला हवं. आधी नाही, नंतर नाही. मॅग्नेटो दोन नटांवर बसतो, नट सैल केले तर तो अंगठ्याएवढा इकडे-तिकडे फिरतो आणि त्यानं ठिणगीची वेळ बदलते. आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत तेवढंच करत होतो. मिस्त्रींना दिसायचं कमी, पण कान तिखट होता, आणि माझाही आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. “आता?” ते विचारायचे. “जरा उशिरा टकलं, चाचा,” मी म्हणायची. शेवटी दोघांचंही समाधान झालं तेव्हा त्यांनी छन्नी घेतली आणि मॅग्नेटोवर व इंजिनावर मिळून एक आडवी खूण ठोकली. मला तीवर बोट फिरवायला लावलं. “ध्यानात ठेव बेटी. ही रेघ जुळलेली पायजे. मॅग्नेटो पुढं सरकला तर ठिणगी पिस्टनच्या आधी पडती. चालत्या इंजिनाला ते मानवतं, जोर वाढतो. पण सुरू करताना हँडल उलटं मारतं. माणसाचा हात मोडतो.” मग त्यांनी अप्पांना, गड्याला आणि मलाही हँडल धरायला शिकवलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ मारायची नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून दाबायचं नाही. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की गल्लीतली लेकरं रिकाम्या हातानं त्याचा खेळ खेळायला लागली.

बैलांनी ओढत म्हाताऱ्याला ओढ्यावर नेलं. चमचाभर पेट्रोल पाजून मिस्त्रींनी तिसऱ्या ओढीला तो सुरू केला, तापल्यावर रॉकेलवर घेतला, पट्टा चढवला. हौदात पाणी आलं तेव्हा बायांनी ट्रॅक्टरला हळदीकुंकू वाहिलं. मिस्त्रींच्या कपाळाला लावावं की नाही, या विचारात एकीनं शेवटी त्यांच्या हातात गुळाचा खडा दिला.

उदगीरला त्या वर्षी काम नव्हतं, म्हणून मिस्त्री आमच्याकडेच राहिले. मागच्या खोलीत झोपायचे, ओसरीवर अप्पांच्या समोर बसून जेवायचे. शुक्रवारी नमाजाला उदगीरला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. सकाळी हँडल मारायचं काम त्यांचं, दिवसभर इंजिन सांभाळायचं माझं. मुलगी ट्रॅक्टरवर बसते म्हणून गावात कुजबुज झाली, पण हौद भरत होता तोवर कुणी मोठ्यानं बोललं नाही. मी आवाजावरून ओळखायची, रॉकेलमध्ये पाणी आलंय, पट्टा घसरतोय, एक प्लग काळा झालाय. असं काहीतरी मला येतं, जे घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही, हे सुख मला त्या आधी ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर नंतरही कधी तितकं मिळालं नाही.

चैत्र संपता संपता विहिरीचं पाणी खाली गेलं. एका शुक्रवारी मिस्त्री सकाळी इंजिन सुरू करून उदगीरला गेलेले, मी एकटी होते. पंपाला आता जास्त खोलातून ओढावं लागत होतं आणि इंजिन दमायला लागलं. वेशीवरून आमच्या शेजारची कासाबाई धापा टाकत आली. “अगं महानंदे, करंगळीएवढी धार येतीया. चाळीस घागरी उभ्या हायत, भांडणं लागलीत तिथं.” मी सगळं तपासलं. काही बिघाड नव्हता, जोरच कमी पडत होता. तेव्हा मला मिस्त्रींचे शब्द आठवले, चालत्या इंजिनाला मानवतं. मी पाना घेतला, चालू इंजिनावरच दोन नट सैल केले आणि मॅग्नेटो खुणेपासून ज्वारीच्या दाण्याएवढा पुढं सरकवला. आवाज लगेच मोकळा झाला. आणखी एक दाणा सरकवला. म्हातारा असा गाऊ लागला की मला हसूच फुटलं. नट आवळले. थोड्या वेळानं कासाबाईनं पाठवलेलं पोरगं पळत येऊन सांगून गेलं, मनगटाएवढी धार. मी इंजिनाच्या धगीजवळ उभी राहून घामानं भिजले होते आणि मला वाटत होतं, आज मिस्त्री इथं असायला हवे होते. त्यांना हे सांगायचं, आणि इंजिन बंद केल्यावर मॅग्नेटो परत खुणेवर आणायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. हे नक्की आठवतं मला. ठरवलं होतं.

चार वाजता गडी पळत आला. लातूरहून पाहुणे आले होते, मला बघायला. आधी कळवलं होतं म्हणे, पण पत्र पोचलंच नव्हतं. मी इंजिन बंद केलं आणि तशीच घरी धावले. अव्वानं मला न्हाणीत ढकललं, राखेनं आणि लिंबानं माझे हात घासले, नखांतलं काळं निघेना तेव्हा रडकुंडीला आली. मुलगा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरीला होता. विश्वनाथ त्यांचं नाव. बरोबर त्यांचे वडील आणि काका. परतीची गाडी निघून गेली म्हणून ते मुक्कामाला राहिले. मिस्त्री अंधार पडायच्या आत आले, पाहुणे बघून मागच्या दारानं खोलीत गेले. माझी त्यांची गाठ पडली नाही. मॅग्नेटो माझ्या डोक्यातून साफ गेला होता.

आठवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. स्वयंपाकघरात मी नाश्त्याला सुशीला करत होते. चुरमुरे भिजवून पिळत होते, कढईत मिरच्या तडतडत होत्या, आणि त्या तडतडीत अचानक मला खुणेपासून सरकलेला मॅग्नेटो दिसला. हातातले चुरमुरे तसेच राहिले. खिडकीतून मिस्त्री ओढ्याच्या वाटेवर जाताना दिसत होते, खांद्यावर फडकं टाकून, सावकाश. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

पण ओसरीवर पाहुणे बसले होते. कालपासून मी त्यांच्यासमोर मान खाली घालून फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणाले होते. आता बाहेर येऊन, ‘चाचा, थांबा, मी मॅग्नेटो सरकवलाय,’ असं ओरडायचं? पाहुण्यांना माझ्या ट्रॅक्टरच्या उद्योगाबद्दल काही सांगायचं नाही, असं अव्वानं रात्री बजावलं होतं. मी स्वतःला म्हणाले, मिस्त्री खूण बघतीलच. मग म्हणाले, गड्याला पाठवावं, पण गडी दिसत नव्हता. मग म्हणाले, एवढ्या बशा भरून देते आणि मागच्या दारानं जाते. मी बशा भरल्या. वर खोबरं पेरलं. बाहेर नेऊन दिल्या. विश्वनाथांच्या काकांनी विचारलं, “सुशीला तूच केलीस का?” मी म्हणाले, हो. ओढा जवळ नव्हता, तिथं पोचायला माणसाला बराच वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ माझ्याकडे होता.

आधी इंजिनाची एकच ढेकर ऐकू आली. नेहमीसारखी नाही, उलटी, आखूड. त्यानंतर काहीच नाही. मग लांबून ओरडणं. ओसरीवर कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

आम्ही सगळे धावलो. मिस्त्री चाकाला टेकून बसले होते, उजवं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं. चेहरा राखेसारखा झालेला. अप्पा पहिले पोचले. “काय झालं गफूरभाई? कसं झालं?” विश्वनाथांनी गळ्यातला रुमाल काढून, गड्याकडून दोन काटक्या घेऊन हात बांधायला सुरुवात केली. बैलगाडी आणायला माणूस गेला. गाडी येईपर्यंत मिस्त्री उठून उभे राहिले. सगळे नको म्हणत असताना त्यांनी डाव्या हातात पाना घेतला आणि मॅग्नेटोवर वाकले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्यांनी खुणेवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग डाव्या हातानं, चाचपडत, दोन्ही नट सैल केले, मॅग्नेटो मागं आणून रेघ जुळवली आणि नट आवळले. पाना ठेवून ते अप्पांकडे वळले.

“अंगठा वर राहिला माझा, अप्पासाब. चूक माझी.”

“तुमचा? सगळ्यांला शिकवलं तुमी, अन् तुमचाच अंगठा?”

“हाव. म्हातारा झालो.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. मिस्त्री तांब्या घ्यायच्या निमित्तानं पुढं झाले, हळूच म्हणाले, “पावणे हायत, बेटी,” आणि पाणी प्यायले.

गाडीतून त्यांना देवणीला आणि तिथून एसटीनं उदगीरला नेलं. बरोबर विश्वनाथ गेले, जाणाऱ्या पाहुण्यानं असं करावं याचं गावानं फार कौतुक केलं. उदगीरला हाड बसवलं, पण वाकडं बसलं. त्या हाताला पुन्हा पाना धरता आला नाही. अप्पांनी ट्रॅक्टरला परत हात लावू दिला नाही. “मिस्त्रीलाच मारलं त्यानं, दुसऱ्याला सोडील काय?” म्हणायचे. रेघ जुळलेली आहे, आता तो कुणालाही मारणार नाही, हे फक्त मला माहीत होतं. टँकर मंजूर होईपर्यंत बाया पुन्हा ओढ्यावर जाऊन शेंदत होत्या. कासाबाई मला म्हणाली, “तू चालू कर की गं, तुला येतंय.” मी म्हणाले, “न्हाई येत.” लग्न ठरलं होतं.

मिस्त्रींच्या नावाचं काय झालं ते मी नंतर हळूहळू ऐकलं. अप्पा वाईट बुद्धीनं बोलणारे नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, म्हणून ते ही गोष्ट सगळ्यांना सांगायचे. एवढा जाणता मिस्त्री, पण अंगठा चुकला, वय झालं. देवणीच्या बाजारात, उदगीरच्या अडतीत ती पसरली. हात मोडला तरी मिस्त्री शेजारी बसून दुसऱ्यांकडून काम करून घेऊ शकले असते, त्यांचे कान होतेच की. पण अंगठा चुकलेल्या मिस्त्रीला कोण बोलावणार? ज्या माणसानं अख्ख्या गावाला अंगठा कुठं ठेवायचा ते शिकवलं, त्याच्याच नावाला तो अंगठा चिकटला. अप्पांनीही त्यांना परत कधी बोलावलं नाही.

लग्न होऊन मी लातूरला आले. नवा जिल्हा, नवी वसाहत, दोन खोल्या. पहिल्याच उन्हाळ्यात एकदा जेवताना विश्वनाथ म्हणाले, “तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी गाडीत तो मिस्त्री रस्ताभर तुझ्याबद्दलच बोलत होता. प्रत्येक खड्ड्याला कळवळायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. म्हणे, ‘अशी पोरगी मी पाहिली न्हाई साहेब. तिची बोटं बघा, तिचा कान बघा. माझा पोरगा असता तर त्याला एवढं आलं नसतं. तुमी लई नशीबवान.’ घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. वडिलांच्या मनात दुसरी मुलगी होती.” ते हसत होते. हे ते पुढं आयुष्यभर सांगायचे, पाहुण्यांना, मुलांना, सुनेला. ‘आमचं लग्न एका मिस्त्रीनं जमवलं,’ असं त्यांचं वाक्य होतं. मी दर वेळी पानात वाढायला वाकायची. त्यांना खरं काय ते मी सांगितलं नाही. आता ते नाहीत.

अप्पांना मात्र सांगितलं. ते थकल्यावर काही महिने आमच्याकडे लातूरला राहिले होते. एके दुपारी, कशावरून कोण जाणे, त्यांनी पुन्हा तीच गोष्ट काढली, गफूरचा अंगठा चुकला. मी धान्य निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, सुशीलाच्या बशांसकट. अप्पांनी एवढंच विचारलं, “मला का न्हाई सांगितलंस? मी मारलं असतं का तुला?” दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा करून, धोतर नेसून, टोपी घालून, काठी घेऊन ते उदगीरला निघाले. मी बरोबर येते म्हणाले. “तू नगं,” म्हणाले.

संध्याकाळी परतले. खुर्चीत बसून त्यांनी वहाणा काढल्या, त्यालाही वेळ लागला.

“गफूर गेला,” म्हणाले. “दोन वर्सं झाली.”

“घरी कोण होतं?”

“त्याची बायको. तिला सांगितलं, अंगठा चुकला न्हवता म्हणून. ती म्हणली, मला ठाऊक हाय. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिला. बाहेर बोलायचं न्हाई, पोरीचं लगीन मोडंल म्हणून.” जन्मभर अप्पांनी परक्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. “चहा केला तिनं. मी पेलो.” मग म्हणाले, “ती इचारत होती, तुमची पोरगी कशी हाय.”

अप्पांनी तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्यानंतर उदगीरला मी किती तरी वेळा गेले, लग्नांना, बारशांना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्यांच्या गल्लीत गेले नाही.